पांढऱ्यावर निळी सावली

बाहेर ऑगस्टचं ऊन, आणि आत एका प्रचंड छपराखाली बर्फाचा उतार! लंडनच्या यूस्टन स्थानकातून तासाभरात मिल्टन कीन्स गाठलं आणि उन्हातून थेट हिवाळ्यात शिरलो. हा बर्फ खराखुरा आहे. गोठवलेल्या हवेत पाण्याचे तुषार उडवून पाडलेला, 170 मीटर लांबीच्या उतारावर पसरलेला. 2000 सालापासून इथे बारमाही स्नोबोर्डिंग चालतं. हिमशिखरं न लाभलेल्या या भागातली पोरं अशाच उतारांवर घडतात. ब्रिस्टलच्या जेनी जोन्सने तर पहिले धडे बर्फाविना, ब्रशसारख्या कृत्रिम उतारावर गिरवले, आणि 2014 साली सोची ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं.

पण या छपराखालचा उजेड फार निर्जीव. त्यात बर्फसुद्धा करडा दिसतो. अशा जागी देखणं छायाचित्र कसं निघणार?

ते निघताना मी पाहिलं. उडीच्या उंचवट्याजवळ एक तरुण छायाचित्रकार दोन फ्लॅश मांडत होती. आपल्या नाट्यगृहात दिव्यापुढे लावतात तसा जिलेटिन कागद तिने दोन्हींवर चढवला. मागच्यावर नारिंगी, बाजूच्यावर निळा. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतं उघडणार, भिंगाचं छिद्र बारीक केलेलं. छपराच्या दिव्यांचा मागमूसही उरणार नाही. फ्लॅशचा झोत त्याहूनही कितीतरी क्षणिक. एक मुलगा फळीवरून सुसाट आला, हवेत गिरकी घेतली, डोळ्यांसमोर नुसतं लखकन झालं.

तिने कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला आणि मी थक्क झालो. मागे गडद काळोख. मुलगा अधांतरी, फळीवरून उधळलेला बर्फाचा कण न् कण वेगळा, प्रत्येकाची एक कड पेटल्यासारखी नारिंगी. आणि खाली उतारावर त्याच्या दोन सावल्या, एक निळी, एक नारिंगी! नारिंगी झोत जिथे अडला तिथे फक्त निळा पोचला, निळा अडला तिथे फक्त नारिंगी. दोन्ही पोचले तिथे बर्फ फिकट गुलाबीसर. मातीवर किंवा गवतावर हे इतकं खुललं नसतं. पांढरा बर्फ दिलेला प्रत्येक रंग जसाच्या तसा परत करतो.

क्षणिक उजेडाने वेग थांबवायचा आणि रंगीत प्रकाश एकमेकांत मिसळायचे, या दोन्ही युक्त्यांचं माहेर लंडनमध्येच, आल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहे. 1851 साली छायाचित्रणाचा आद्य संशोधक फॉक्स टॅल्बटने वेगाने फिरणाऱ्या चाकावर ‘टाइम्स’चं पान चिकटवलं, अंधारात विजेची ठिणगी पाडली, आणि त्या ठिणगीच्या उजेडात छायाचित्र टिपलं. 17 मे 1861 रोजी तिथेच भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने टार्टनच्या, म्हणजे स्कॉटिश चौकडीच्या फितीची, तांबड्या, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन चित्रं एकाच पडद्यावर एकमेकांवर टाकली आणि श्रोत्यांना रंगीत छायाचित्र दाखवलं. एकाने वेग थांबवला, दुसऱ्याने प्रकाशांची बेरीज केली.

फ्लॅश म्हणजे भगभगीत पांढरा उजेड, असंच बहुतेक खेळांची छायाचित्रं पाहून वाटतं. या मुलीने आधी काळोख निवडला, मग त्यात हवा तेवढाच रंग सोडला. यालाच मी दृष्टी म्हणतो. तिच्या एका चित्रात तर मुलगा चौकटीबाहेर निघून गेलाय. उरलीय फक्त उडालेल्या बर्फाची कमान, वर नारिंगी, आत निळी. मासिकवाले कदाचित ते नाकारतील. मला विचाराल तर मुखपृष्ठावर तेच हवं.