गाडी मागं जाईना

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरापुढं दगडी कुंपण आहे. रात्री गाडी तोंड आत करून लावायची आणि सकाळी मागं घेऊन बाहेर काढायची, हा रोजचा रिवाज. गाडी जुनी, ऑटोमॅटिक गिअरची. पुण्याच्या मेहुण्यांनी नवी घेतली तेव्हा ही मला दिली. क्लच नाही, डावा पाय मोकळा, म्हणून मीही खूश होतो.

पावसाळा सरता सरता एक गोष्ट ध्यानात आली. दांडा 'आर'वर टाकला की गाडी दोन-तीन सेकंद थांबायची, मग झटका देऊन मागं सरकायची. मी ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबू लागलो. पुढं तर झकास पळते, मग बघू सवडीनं, असं म्हणत महिना काढला.

दिवाळीच्या आधी एका रात्री सौ.च्या छातीत दुखू लागलं. साताऱ्याला न्यायचं म्हणून गाडी सुरू केली, 'आर' टाकला. इंजिन नुसतं घुरघुरलं, गाडी तसूभर हलेना. "अहो, चला ना," एवढंच ती म्हणाली. शेजारची चार पोरं उठून आली. दांडा 'एन'वर टाकून त्यांनी गाडी ढकलत रस्त्यावर काढली. पुढं ती नेहमीसारखी पळाली. डॉक्टरांनी तपासलं, पित्ताचा त्रास निघाला. पण ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्यानं काही न तपासताच सांगितलं, "अख्खी गिअरपेटी बदलावी लागेल." आकडा ऐकून लेकीची फी डोळ्यांपुढं आली. तासगाव तालुक्यात नोकरीला असताना सांगलीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीची ओळख झाली होती. त्याला फोन केला. गडी एसटीनं आला.

त्यानं आधी पान्याला हातच लावला नाही. मला दांडा हलवायला सांगून स्वतः खाली वाकून पाहिलं, केबल पेटीवरची तरफ नीट फिरवते का. फिरवत होती. मग सपाट जागी, गरम इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी काढली. तेल खुणेच्या बरंच खाली. लाल असायचं ते तांबूस-काळं, वास करपलेला. कूलरच्या नळीच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं. "साहेब, बहुतेक पेट्यांत रिव्हर्सला तेलाचा दाब सगळ्यांत जास्त लागतो. तेल घटलं की आधी तोच कुरकुरतो," तो म्हणाला.

नळी बदलली, तेल भरलं. रिव्हर्स आला, पण घसरत. मग यवतेश्वरच्या उतारावर, अगदी सावकाश, दांडा 'एल'वर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायला लावला. इंजिननं गाडी आवरायला हवी होती. ती मोकळी सुटली. या पेटीत 'एल'च्या उताराला आणि रिव्हर्सला आतला एकच ब्रेक धरतो. तोच झिजला होता, बाकी गिअर ठणठणीत. पेटी उतरवून तेवढ्याच चकत्या आणि सील बदलले. आधी सांगितलेल्या आकड्याच्या चौथाईत काम भागलं.

निघताना मिस्त्री म्हणाला, "पहिल्या झटक्यालाच तेल पाहिलं असतं तर नळीवरच भागलं असतं." मी मान खाली घातली. द्राक्षाच्या पानामागं केवड्याची पहिली पांढरी बुरशी दिसली की त्याच दिवशी हालचाल करा, असं बागाईतदारांना सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली!

आता अशा जुन्या गाड्या गावोगावी दिसतात. काहींना तेलाची पट्टी नसते, त्यांचं तेल गॅरेजात तपासून घ्यावं. एएमटी गाडीची तऱ्हा वेगळी. तिथं पेटी साधीच असते, क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तेवढं यंत्र करतं. पण गाडी कुठलीही असो, मागं जायला उशीर करू लागली तर जोर देऊ नका. आधी केबल, तेल आणि गळती बघा, मगच पेटी उघडू द्या.

हल्ली मी रात्री गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लावतो. तरीही रोज एकदा मागं घेऊन बघतोच.