कुरणात भरलेली शाळा

बोर्डीच्या बालवाडीत वारल्यांची मुलं येईनात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या या किनारी गावात काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ होत्या. पण जरा मोठं झालेलं पोर सकाळीच गुरांमागे जायचं, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसायचं. मग शाळाच उठून पाड्यावर गेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं चरतात तिथे भरली ती कुरणशाळा. माँटेसरीची साधनं महाग, शिवाय परकी. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पानं आणि खडे आले.

याला तेव्हा कोणी पर्यावरण शिक्षण म्हटलं नाही. तरी मुलांना निसर्ग शिकवू पाहणाऱ्याने पहिला धडा इथूनच घ्यावा, कारण इथे शिक्षकाची जागा बदलते. वर्गात उत्तर त्याच्याकडे असतं, कुरणात नसतं. कुठल्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, कुठल्या जाळीची करवंदं गोड, पहिल्या पावसात खेकडा कुठून निघतो, हे गुराख्याच्या पोराला पाठ असतं. शिक्षकाने विचारायचं, आणि सांगता सांगताच त्याला मोजायला, लिहायला लावायचं. जांभळाच्या बिया मोजून झाल्या की पेरायच्या. ही बी ताजीच पेरावी लागते, वाळली की उगवत नाही. एकदा पेरणी फसली की मूल ते विसरत नाही.

शहरातल्या मुलाचं उलट. वितळत्या बर्फावरचं ध्रुवीय अस्वल त्याच्या ओळखीचं, सोसायटीच्या दारातलं झाड मात्र नुसतं ‘झाड’. तिथे गोष्ट कामी येते. ताराबाईंचे भावनगरचे सहकारी गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षकसुद्धा शांततेचा खेळ फसल्यावर गोष्टीकडेच वळतो.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या मुलांना बिबट्या बातम्यांतून भेटतो: घुसला, पकडला, सोडला. त्याच जंगलातल्या वारली पाड्यांवर मात्र तोच वाघोबा, म्हणजे देव आहे. वाघबारशीला त्याची पूजा होते. वारल्यांच्या गोष्टींत गावाचा आणि त्याचा एक व्यवहार ठरलेला असतो. गावाने त्याला मान आणि वाटा द्यायचा, त्याने गुरांना धक्का लावायचा नाही.

गोष्ट सांगणाऱ्याने इथे गप्प बसावं. तात्पर्य सांगितलं की मुलं उठायला मोकळी होतात. नाही सांगितलं तर विचारतात, मग तो आपल्याकडे का येतो? उत्तरासाठी वर्गाबाहेर पडावं लागतं. उघड्यावरचा कचरा, कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं अभ्यासांतही आढळलं आहे. ‘ओला-सुका वेगळा करा’ हे ऐकून मुलांचे कान किटलेले असतात, पण कचऱ्याच्या डब्याचं झाकण आणि बिबट्या यांचा संबंध लागला की झाकण लावायला कारण मिळतं. फक्त भीती घालायचा मोह आवरायला हवा. घाबरलेलं मूल बिबट्याला पिंजऱ्यात टाका म्हणतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवायला सांगितलं आणि २००३ मध्ये पुन्हा बजावलं. विषय आला, गुण आले, प्रकल्पवही आली. ‘झाडे वाचवा’चे देखावे वर्षानुवर्षं थर्माकोलचे होत राहिले, २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यावर पुठ्ठ्याचे होऊ लागले. ते बहुतेकदा आईच रात्री जागून करते, हे बाईंनाही ठाऊक असतं.

भरगच्च वर्ग आणि आखडता तास या अडचणी खऱ्याच. पण कुंपणाबाहेरच्या एका झाडापर्यंत जाऊन यायला तेवढा तास पुरतो. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातल्या अनेक शाळांची मुलं हेच करतात: दर आठवड्याला एकाच झाडाकडे जायचं आणि पालवी, फुलं, फळं टिपायची. या नोंदी पुढे अभ्यासकांच्या कामी येतात, म्हणून बहावा फुलला नसेल तर ‘फुलला नाही’ असंच लिहावं लागतं. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवण्याची सोय नाही. त्याचं झाड वेगळं असतं.