पत्र्याचा वेठबिगार

आमच्या माळ्यावर एक वेठबिगार राहतो. उंची नऊ इंच, अंग पत्र्याचे, छातीवर छापलेल्या तबकड्या आणि कुशीत चावीचे भोक. कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकाने 'रोबोट' हा शब्द जगाला दिला आणि त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा चेक शब्द आहे, हे मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगतो. मुले तेव्हा मान खाली घालून मोबाइल पाहत असतात.

जुनी खेळणी जमवून दुरुस्त करण्याचा नाद मला चाळिशीत, चष्म्याबरोबरच लागला. जुन्या बाजारातून मी चावीच्या कोंबड्या आणतो, आमच्या सौ.च्या मते भंगार आणतो. पण माझा खरा जीव जपानी यंत्रमानवांवर. महायुद्धानंतर जपानी कारागिरांनी अमेरिकन सैनिकांनी टाकलेल्या डब्यांच्या पत्र्यातूनही खेळणी घडवली. पुढे १९५७ साली स्पुटनिक आकाशात गेला, आणि पत्र्याच्या यंत्रमानवांना नि अग्निबाणांना ऊत आला.

या खेळण्यांवर चित्र आधी सपाट पत्र्यावर छापतात, मग पत्रा दाबून त्याला आकार देतात. त्यामुळे ओरखडा रंगाने झाकायला जावे, तर सोंग लगेच उघडे पडते. जोडकाम म्हणजे एका भागाचे इवलेसे कान दुसऱ्याच्या फटीत घालून दुमडायचे. हे कान दोनतीनदा उघडमीट केली की तुटतात. म्हणून आतली चक्रे रॉकेलने धुवायची, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडायचा, हे सारे सोपे, उघडणे अवघड!

माळ्यावरचा हा गडी अण्णांचा. १९६३ साली त्यांच्या मामांनी, ते बोटीवर नोकरीला होते, जपानहून आणलेला. १९८८ साली, आठ वर्षांचा असताना, मी तो सुरीने उघडला. कान तुटले, चाल थांबली. अण्णांनी त्याचे पोट तांब्याच्या तारेने बांधले आणि त्याला माळ्यावर टाकले. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत आले आहेत, "आमच्या चिरंजीवांनी एका दुपारीत त्याचा कोथळा काढला!" माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा हा कोथळा निघाला होता. मी हसतो. पण बाजारातली कितीतरी खेळणी उघडली, तरी याला हात लावायचा धीर मला झाला नव्हता.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो केला. अण्णा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. तार सोडली, पाठ उचलली. स्प्रिंग शाबूत होती. तेल मात्र गुळासारखे घट्ट झालेले. आणि खालच्या दोन कानांवर जुना डाख! त्या आचेने आजूबाजूचा तांबडा रंग करपून गेला होता. आठ वर्षांच्या पोराजवळ सुरी असते, डाखाची कांब नसते.

"अण्णा, हा डाख कुणी दिला?"

वर्तमानपत्र हलले नाही. बऱ्याच वेळाने त्यामागून आवाज आला, "कल्हईवाल्याने. मामा परत बोटीवर गेला, त्याच संध्याकाळी."

"म्हणजे तुम्हीच आधी..."

"तुझ्या आजोबांना कळू दिले नव्हते."

आजोबांना जाऊनही आता तीसएक वर्षे झाली. मी मुकाट्याने चक्रे पुसली, तेल सोडले आणि पाठ पुन्हा बसवायला घेतली. तेवढ्यात खुर्ची करकरली. अण्णा चष्मा सावरीत माझ्याशेजारी चटईवर येऊन बसले.

"थांब, मिटू नकोस. त्या वेळी घाईत नीट बघायचे राहूनच गेले."