आ कर बघू!

आईस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरून बसणे हाही व्यायाम असू शकतो, हे मला वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, तो रोज करतो. कॉलेजपासूनची सुपारी! (राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली, पण सुपारीला कोण विचारतो?) निदान झालं ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साठत जातात, गाल ताठर होतो आणि तोंड उघडेनासं होतं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडतं. दादाचं २२. वडापाव बंद. वर कॅन्सरची टांगती तलवार आहेच.

उपाय? सुपारी कायमची बंद, डॉक्टर देतील ती औषधं, आणि या काड्या. मावतील तितक्या धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा. दुखतं हो! आणि सोडलं की गाल पुन्हा आवळतो. म्हणजे दुखण्याइतकाच मोठा शत्रू कंटाळा.

आता आम्ही पडलो प्रोग्रॅमर. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांचं काम वाचलं होतं. भाजलेल्या रुग्णांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून त्यांना 'स्नोवर्ल्ड' नावाच्या बर्फाळ जगात न्यायचं. जखमा साफ होत असताना ते तिकडे बर्फाचे गोळे फेकतात आणि वेदना कमी जाणवल्याचं सांगतात. तर्क साधा आहे: लक्ष मर्यादित असतं, ते खेळात गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं.

म्हटलं, करून बघू. क्वेस्ट प्रो या २०२२ च्या हेडसेटला चेहऱ्याकडे बघणारे कॅमेरे आहेत. मित्राकडून तो उसना आणला आणि दोन विकांत खर्ची घातले. समोर एक देवमासा. दादाने आ केला की तो आ करतो, तीस सेकंद तसंच धरलं की मासे गट्टम.

पण एक मेख आहे. सॉफ्टवेअरला जबडा म्हणजे शून्य ते एकमधला एक आकडा, मिलिमीटर नव्हेत. त्यामुळे मोजमाप काड्यांचंच. आणि किती मोठा आ केला यावर गुण मुद्दाम ठेवले नाहीत. खेळाच्या भरात माणूस जबडा ताणून बसायचा. गुण फक्त किती वेळ धरला याला. किती काड्या, ते डॉक्टर ठरवणार.

दादाचं तोंड यामुळे जास्त उघडलं का? एका माणसावरून तसा दावा मी करणार नाही. पण संध्याकाळचा व्यायाम आता चुकत नाही, आणि रोजच्या व्यायामावरच तर सगळी मदार आहे.

असो. वाचून झालं असेल तर आपली तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर आधी दंतवैद्य गाठा. देवमासा काय, नंतरही भेटेल.