बाळाची चाहूल

विनोदी चित्रपट पाहण्याचा योग आम्हा धर्मगुरूंच्या वाट्याला क्वचितच येतो. साक्रीत एका पावसाळी संध्याकाळी सवड मिळाली, म्हणून सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई ३' आम्ही पाहिला. २०१० च्या पहिल्या भागात भेटलेले गौरी आणि गौतम २०१५ च्या दुसऱ्या भागात बोहल्यावर चढले. २०१८ च्या या तिसऱ्या भागात त्यांना अनपेक्षितपणे बाळाची चाहूल लागते आणि आपली तयारी आहे काय, या प्रश्नाने दोघे गांगरतात. मुक्ता बर्वे व स्वप्नील जोशी यांनी ते गांगरणे असे रंगवले आहे, की आम्ही मनमुराद हसलो. हसता हसता मात्र एक जुनी आठवण जागी झाली.

आमच्या तालुक्यातील कित्येक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. तेथे नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. एके वर्षी निघण्याच्या आदल्या दिवशी एक तरुण जोडपे आमच्याकडे आले. तिला तिसरा महिना होता. मूल हे परमेश्वराचे दान आहे, भिऊ नका, असे आम्ही त्यांना परोपरीने समजावले. तिने खाली मान घालून एवढेच विचारले, "फादर, मी मागे राहिले तर कोयता मोडेल. मग उचल कशी फिटायची?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही आशीर्वाद दिला. ती नवऱ्याबरोबर गेली आणि उन्हाळ्यात रिकाम्या ओटीने परतली. तिने आम्हांला दोष दिला नाही. तो आमचा आम्हीच घेतला.

गौरीच्या भीतीवर आपण हसू शकतो, कारण तिच्याभोवती दोन्हीकडची वडीलधारी माणसे उभी आहेत. आमच्या त्या भगिनीभोवती कोण होते? पवित्र मरिया लगबगीने एलिझाबेथच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली. धर्मग्रामातील प्रत्येक घराला हे जमण्याजोगे आहे. कोणाला धान्य देता येईल, कोणाला उचलीचा वाटा उचलता येईल, कोणाला प्रसूतीपर्यंत आपल्या घरात एक खाट देता येईल.

आता असे जोडपे दाराशी आले, की उचल किती, हे आम्ही आधी विचारतो. दानाविषयी बोलणे मागाहून.