ब्रश हातात घेतला की हात का थरथरतो?

पोळा आणि गणपती जवळ आले की आमच्या बीड जिल्ह्यात घरोघरी ब्रश बाहेर निघतात. कोणी बैलांची शिंगं रंगवतं, कोणी मातीचे बैल, तर कोणी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतं. या दिवसांत दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "डॉक्टरसाहेब, एरवी काही नाही, पण ब्रश धरला की हात थरथरतो. कंपवात तर नाही ना?"

हा प्रश्न माझ्याही जवळचा आहे. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटी विमानं तयार करायची आणि ती ब्रशने रंगवायची, हा माझा छंद. सध्या टेबलावर मिग-२१ आहे. आपल्या हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला ज्याला निरोप दिला, तेच. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा सात मीटरहून थोडा जास्त. ७२ पट लहान केलेल्या माझ्या विमानात तो जेमतेम १० सेंटीमीटर भरतो. इथे हात १ मिलिमीटर हलला, तर खऱ्या विमानावर रेघ ७ सेंटीमीटर चुकल्यासारखं होतं. पन्नाशीनंतर हे काम करताना स्वतःचा हात नीट कळतो.

तर पहिली गोष्ट : थरथर प्रत्येकाच्या हाताला असते. निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा अगदी बारीक हलत असतो. भाकरी मोडताना, गाडी चालवताना ते दिसत नाही. ब्रशच्या टोकाला दिसतं. अपुरी झोप, उपास, जास्त चहा, ताण आणि दम्याचा पंप यांनी ही थरथर वाढते. श्रावणातला उपास, त्यावर चार कप चहा आणि रात्रीचं जागरण, असा हात स्थिर कसा राहील?

मग दुखणं कधी समजायचं?

काम करताना किंवा कप उचलताना दोन्ही हात थरथरतात, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं, वडिलांना किंवा आत्यालाही तसंच होतं, तर बहुधा तो 'इसेन्शियल ट्रेमर' असतो. कंपवाताचं चित्र वेगळं. त्यात हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना जास्त हलतो, सुरुवात बहुधा एका बाजूने होते, हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं. थरथरीसोबत वजन घटत असेल, छाती धडधडत असेल, घाम येत असेल, तर थायरॉईड तपासावा लागतो. मधुमेहाच्या रुग्णाला अचानक थरथर, घाम आणि भूक जाणवली, तर साखर कमी झाली असू शकते. लगेच साखर किंवा गूळ खा आणि मग तपासा. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आता एक नाजूक गोष्ट. हात थरथरणाऱ्या कारागिराकडे लोक 'पितो वाटतं' म्हणून बघतात. इसेन्शियल ट्रेमरमध्ये दारूचा घोट घेतला की थोडा वेळ हात खरंच स्थिर होतो. कधीही न पिणारा माणूस हे कोणाकडून तरी ऐकतो, कामाआधी एक घोट घेतो आणि तिथून सवय लागते. दारू उतरली की थरथर परत येते, बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त. पोट हातावर असलेल्या माणसाला हे फार महाग पडतं. यावर औषधं आहेत. मात्र ती शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून घेऊ नका. त्यातली एक नेहमीची गोळी दम्याच्या रुग्णाला धोक्याची असते.

घरी काय कराल?

कोऱ्या कागदावर हात न टेकवता चकलीसारखं वेटोळं काढा. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. खाली तारीख लिहा, महिन्याने पुन्हा काढा आणि दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवा. आम्हीही तपासताना हेच काढायला लावतो. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणा.

रंगवताना दोन्ही कोपरं टेबलावर ठेवा, करंगळी वस्तूला टेकवा. हात खांद्यापासून अधांतरी राहिला तर थरथर मोठी होते. टेकू मिळाला की फक्त बोटं हलतात. रंग दुधाइतका पातळ करा, एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्या. चष्म्याचा जवळचा नंबर तपासून घ्या. थिनर वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवा. आणि ब्रशचं टोक ओठांनी कधीच करू नका. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली असंच टोक करत. त्यातल्या अनेकींचे जबडे सडले, कित्येक दगावल्या. आपल्या रंगात रेडियम नाही, पण रंग पोटात जाण्यासाठी नसतोच.

हात थरथरतो म्हणून ब्रश खाली ठेवू नका. आधी कारण शोधू, मग हाताला टेकू देऊ. बहुतेकांचं काम त्यावर निभावतं.