कोरडा घास

आमच्या घरात आई सगळ्यांच्या मागून जेवायची. त्यामुळं ती किती खाते, कशी खाते, हे कुणी कधी बघितलंच नाही. भाकरी ताकात कुस्करायची आणि घासाघासाला तांब्या तोंडाला लावायची. एकदा म्हणाली, "आरं, घास घशाखाली उतरंना." मी म्हणालो, "वय झालं की व्हतं तसं."

रात्री ती तीन-चारदा उठून माठाकडं जायची. डोळ्यांत खडे टोचतात म्हणायची, आम्ही चुलीच्या धुराला दोष दिला. दाढा किडून एकेक पडत गेल्या. तेव्हा तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, तोंडाला लाळ सुटते का?"

"कुठली लाळ? पाच वर्सं झाली की."

पाच वर्षं! मला मान वर करवेना.

पुण्यात रक्त तपासलं, खालच्या ओठाच्या आतून बारीकसा तुकडा काढला. आजाराचं नाव निघालं शोग्रेन. रोगाशी लढणारी शरीराची फौज आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. मुळापासून बरं करणारं औषध नाही. पण ज्या ग्रंथी शाबूत आहेत, त्यांना कामाला लावणारी गोळी आहे, पायलोकार्पिन. दमा, काचबिंदू नाही ना, हे विचारूनच डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. ब्राझीलकडच्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांत हे औषध सापडलं, असंही सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी झाडपाल्याचंच की!"

पहिली गोळी घेतली आणि थोड्या वेळानं आई घामानं डबडबली. "भर उन्हात खुरपाय गेल्यागत झालं बग." मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ही गोळी घामाच्या ग्रंथींनाही जागं करते. पाणी भरपूर पाजा, फारच त्रास झाला तर कळवा.

फोन ठेवून वळलो, तर आईनं भाकरीचा कोरडा तुकडा मोडून तोंडात टाकला होता. ताक नाही, पाणी नाही. ती चावत राहिली. मग गिळलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "उतरला रं."

तांब्या अजून तिच्या हाताशी असतोच. गोळ्या पुरवायच्या म्हणून दुपारची चुकवते, तेव्हा मी रागावतो. पण आता ती मागून जेवत नाही. आम्ही समोरासमोर बसतो.